द्रष्टा जंतुशास्त्रज्ञ : अलेक्झांडर फ्लेमिंग

नागपूर शहराच्या दक्षिणेस, विमानतळाला लागून, मिहान नावाचा विस्तीर्ण प्रकल्प वसला आहे. एके काळी जेथे खेड्यांची शेते पसरली होती, तेथे आज विमानांच्या दुरुस्तीची प्रचंड दालने, कारखाने आणि कचेऱ्या उभ्या आहेत. याच परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे भव्य रुग्णालय आहे. या संस्थेतील वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ २०१८ साली झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. विदर्भातील गावोगावचे रुग्ण तेथे मोठ्या आशेने येतात.

अशा मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतून एक परीक्षा नित्य केली जाते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट बशीत पोषक द्रव्याचा खळीसारखा घट्ट थर असतो. त्यावर रोग्याच्या जखमेतील किंवा रक्तातील जंतू पसरतात आणि निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चिमुकल्या चकत्या ठेवतात. एका रात्रीत जंतूंची दाट साय बशीभर धरते. परंतु जे औषध त्या जंतूंवर चालते, त्याच्या चकतीभोवती मात्र एक स्वच्छ, गोल वलय मोकळे राहते. वलय पुरेसे मोठे असले म्हणजे वैद्याचा जीव भांड्यात पडतो. वलय उमटलेच नाही, तर त्याच्या कपाळावर आठी पडते. कारण ते औषध त्या जंतूंपुढे निष्प्रभ ठरलेले असते.

असेच एक वलय १९२८ साली लंडनमधील एका लहानशा खोलीत प्रथम एका मनुष्याच्या नजरेस पडले आणि जगातील कोट्यवधी लोकांचे प्राण वाचले. ही वलये पुढे आकुंचित होत जातील, हेही त्याच मनुष्याने सर्वांना वेळीच सांगून ठेवले होते. त्याचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावापासून दूर अशा लॉकफील्ड नावाच्या मळ्यावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे कष्टाळू शेतकरी होते. त्यांना पहिल्या पत्नीपासून चार आणि दुसरी पत्नी ग्रेस हिच्यापासून चार अशी आठ मुले झाली. अलेक्झांडर हा त्यांतील सातवा. तो सात वर्षांचा असतानाच वडील वारले. ग्रेसबाईंनी थोरल्या सावत्र मुलाच्या साहाय्याने मळा सांभाळला आणि आठही मुलांना सारख्याच मायेने वाढवले. सख्खे-सावत्र हा भेद त्या घरात कोणी केला नाही.

मळ्याच्या आसपास मैलोगणती ओसाड माळ आणि टेकड्या होत्या. मुले ओढ्यात उतरून नुसत्या हातांनी मासे पकडत, गवतात लपलेली पक्ष्यांची घरटी हुडकीत. मासा हाती लागावयाचा तर पाण्याची किंचितशी हालचालही टिपावी लागे. घरटे सापडावयाचे तर गवताच्या पात्याचा वेगळा कल ध्यानी यावा लागे. पुढे डार्व्हेलच्या शाळेत जाण्यासाठी त्याला रोज कित्येक मैल चालावे लागे. थंडी असो, पाऊस असो, ती पायपीट चुकली नाही. पुस्तकांनी त्याला जेवढे शिकवले, तेवढेच या माळाने आणि ओढ्यांनीही शिकवले. जे इतरांच्या डोळ्यांसमोरून निसटून जाते, ते टिपून ठेवण्याची सवय त्याला येथेच जडली.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनला आला. त्याचा थोरला भाऊ टॉम तेथे डॉक्टर होता. काही काळ शिक्षण घेतल्यावर अलेक्झांडरने जहाजांच्या एका कंपनीत कारकुनी पत्करली. चार वर्षे तो खर्डेघाशी करीत राहिला. ते काम त्याला मुळीच रुचत नव्हते. परंतु हाती पैसा नसल्याने दुसरा मार्गही नव्हता. इतक्यात एका अविवाहित काकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वाट्याला अडीचशे पौंडांचा वारसा आला. भावाच्या सल्ल्यावरून त्याने त्या पैशातून वैद्यक शिकावयाचे ठरवले आणि १९०१ साली लंडनमधील सेंट मेरी रुग्णालयाच्या विद्यालयात नाव घातले. लंडनमध्ये अशी विद्यालये अनेक होती. त्याने हेच का निवडले? या विद्यालयाच्या संघाशी तो पूर्वी पाण्यातील चेंडूचा सामना खेळला होता, एवढेच काय ते कारण!

अभ्यासात त्याने अनेक पारितोषिके मिळवली. १९०६ साली पदवी हाती आली, तेव्हा तो शस्त्रवैद्य होणार असे अनेकांना वाटत होते. परंतु तो उत्तम नेमबाज होता आणि त्याने रुग्णालय सोडून जाऊ नये, अशी तेथील नेमबाजांच्या मंडळाची इच्छा होती. त्यांच्याच खटपटीने फ्लेमिंग यांना सर आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. राइट हे विषमज्वरावरील लसीमुळे ख्याती पावलेले पंडित होते. काही दिवसांसाठी म्हणून घेतलेली ती जागा फ्लेमिंग यांना अखेरपर्यंत पुरली. जवळजवळ अर्धशतक त्यांनी तेथेच काम केले.

१९१४ साली पहिले महायुद्ध भडकले. फ्लेमिंग सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल होऊन फ्रान्समधील बूलोन्य येथे गेले. एका जुगारगृहाच्या इमारतीत तेथे रुग्णालय थाटले होते आणि त्यात त्यांची प्रयोगशाळा होती. रणांगणावरून जखमी सैनिक येत. गोळी काढली, हाड बसवले, तरी आठ-पंधरा दिवसांनी जखम चिघळे, अंगभर विष भिनत जाई आणि तरणेताठे जवान डोळ्यांदेखत मरण पावत. जखमा धुण्यासाठी तीव्र जंतुनाशके सढळ हाताने वापरली जात. ती उपयोगी पडत नाहीत, हे फ्लेमिंग यांनी पाहिले. एवढेच नव्हे, ती पुष्कळदा अपायकारक ठरतात, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. जखमेच्या खोल कपाऱ्यांत ती द्रव्ये पोचत नसत. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींचाच ती बळी घेत. शत्रू सुरक्षित राही आणि आपलेच शिपाई मरत. हा मुद्दा पटवण्यासाठी त्यांनी काचेच्या नळीला टोकदार कंगोरे काढून खऱ्या जखमेची प्रतिकृतीच तयार केली. शरीराला इजा न करता केवळ जंतूंना मारील असे द्रव्य मिळाले पाहिजे, हा ध्यास त्यांच्या मनाने येथेच घेतला.

युद्ध संपले. फ्लेमिंग लंडनला परतले. १९२१ साली त्यांना सर्दी झाली असता त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जंतूंच्या बशीत टाकून पाहिला. त्या ठिकाणचे जंतू विरघळून गेल्याचे त्यांना आढळले. अश्रू, लाळ आणि अंड्याचा पांढरा बलक यांतही तेच द्रव्य असते, असे त्यांनी शोधून काढले. प्रयोगासाठी अश्रू हवेत, म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळण्यात येई आणि प्रयोगशाळेत रडारड व हशा एकाच वेळी चाले. या द्रव्याला लायसोझाइम असे नाव मिळाले. निसर्गाने प्रत्येक प्राण्याच्या शरीरावर हा एक मूक पहारेकरी बसवला आहे. परंतु घातक रोगांच्या जंतूंवर त्याची मात्रा चालेना. फ्लेमिंग निराश झाले नाहीत. अशी द्रव्ये निसर्गात असतात, एवढे तर त्यांना समजले होते.

फ्लेमिंग यांच्या टेबलावर जंतूंच्या बशांचा नेहमी पसारा असे. काम झाले की इतर लोक बशा ताबडतोब धुऊन टाकीत. फ्लेमिंग त्या काही दिवस तशाच ठेवीत आणि टाकून देण्यापूर्वी प्रत्येक बशी पुन्हा एकदा निरखून पाहत. १९२८ च्या सप्टेंबर महिन्यात ते सुट्टीवरून परत आले आणि साचलेल्या बशा चाळू लागले. त्या बशांत गळवे आणि पू उत्पन्न करणारे स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू वाढवलेले होते. एका बशीच्या कडेला बुरशी आलेली होती. बुरशी येणे यात नवल काहीच नव्हते. पावसाळ्यात भाकरीवर यावी तशी ती प्रयोगशाळेतही येई. नवल होते ते तिच्या भोवती. बुरशीच्या जवळपासचे जंतू पुसल्यासारखे नाहीसे झाले होते आणि तेथे स्वच्छ वलय पडले होते.

बुरशीमुळे बिघडलेल्या बशा तोवर कितीतरी जंतुशास्त्रज्ञांनी फेकून दिल्या असतील. फ्लेमिंग यांनी ही बशी जपून ठेवली. त्यांनी ती बुरशी वेगळी वाढवली. सूक्ष्मदर्शकातून तिचे तंतू कुंचल्यासारखे दिसत. कुंचल्याच्या लॅटिन नावावरूनच तिच्या जातीला पेनिसिलियम म्हणतात. म्हणून तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यास त्यांनी १९२९ साली पेनिसिलिन हे नाव दिले. फुप्फुसदाह, घटसर्प, घशाचे रोग यांच्या जंतूंना ते मारी. रक्तातील पांढऱ्या पेशींना मात्र त्याचा उपद्रव होत नसे. बूलोन्यच्या रुग्णालयापासून ज्याचा ध्यास घेतला होता, ते हेच!

परंतु याच प्रयोगांत त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. विषमज्वराच्या गटातील जंतूंवर आणि इतर काही जंतूंवर पेनिसिलिनचा परिणामच होत नव्हता. त्यांच्यापुढे वलय उमटत नव्हते. म्हणजे या शस्त्रालाही न जुमानणारे शत्रू आरंभापासूनच जगात होते. खऱ्या संशोधकाला जसे यश नोंदवावे लागते, तसे अपयशही नोंदवावे लागते. फ्लेमिंग यांनी दोन्ही सारख्याच काळजीने नोंदवले.

पेनिसिलिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे फार कठीण होते. ते नाशवंत होते. हाताळता हाताळता त्याचा गुण उडून जाई. फ्लेमिंग यांच्या साहाय्यकांनी पुष्कळ प्रयत्न केले. पण ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. निबंध प्रसिद्ध झाला, आणि दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. फ्लेमिंग यांनी मात्र ती बुरशी जिवंत ठेवली आणि जो मागेल त्यास तिचा अंश दिला.

अखेर ऑक्सफर्ड विद्यापीठातील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हे काम हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही उंदीर मरून पडले होते आणि औषध मिळालेले जगले होते. १९४१ च्या फेब्रुवारी महिन्यात ते अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायास टोचण्यात आले. जंतुसंसर्गाने त्याचे तोंड सुजून गेले होते आणि एक डोळा गेला होता. पेनिसिलिन मिळताच ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु औषधाचा साठा फारच अल्प होता. त्याच्या मूत्रातून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यास टोचण्यात आले. शेवटी तेही संपले. वाचलेले थोडे जंतू पुन्हा बळावले आणि तो शिपाई मरण पावला. अर्धवट राहिलेला उपचार किती घातक असतो, याचा धडा पेनिसिलिनच्या पहिल्याच रोग्याने आपल्या प्राणांचे मोल देऊन जगाला दिला.

पुढे अमेरिकेच्या साहाय्याने मोठमोठ्या टाक्यांतून बुरशी वाढवून पेनिसिलिनचे प्रचंड उत्पादन होऊ लागले. १९४४ साली दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा जखमी सैनिकांसाठी ते विपुल उपलब्ध होते. पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग यांनी जे मृत्यू असहायपणे पाहिले होते, तसे असंख्य मृत्यू आता टळले. त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४५ साली फ्लोरी आणि चेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. देशोदेशीच्या विद्यापीठांनी सन्मान केले. फ्लेमिंग मुळात अबोल होते. द्रव्य निसर्गानेच निर्माण केले होते, आपल्या हातून केवळ ते दृष्टीस पडले, अशी त्यांची नम्र भूमिका असे.

नोबेल पारितोषिक घेताना ११ डिसेंबर १९४५ रोजी फ्लेमिंग यांनी व्याख्यान दिले. सारे जग त्या वेळी पेनिसिलिनच्या विजयाने हर्षभरित झाले होते. अशा प्रसंगी कोणीही विजयाचेच गोडवे गाइले असते. फ्लेमिंग यांनी त्या दिवशी धोक्याची सूचना दिली. जंतू मरणार नाहीत इतक्या थोड्या पेनिसिलिनमध्ये त्यांना वाढू दिले, तर ते त्या औषधाला निर्ढावतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले होते. हीच गोष्ट मनुष्याच्या शरीरातही घडेल, असे त्यांनी बजावले. पेनिसिलिन उद्या दुकानात कोणालाही मिळू लागले, तर अजाण मनुष्य ते अपुऱ्या प्रमाणात घेईल, ही त्यांची खरी भीती होती.

आपले म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून त्यांनी एका कल्पित गृहस्थाचे उदाहरण सांगितले. त्याचा घसा दुखू लागतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो. पण इतके थोडे, की जंतू मरत नाहीत, मात्र औषधाला तोंड देण्यास शिकतात. हे शिकलेले जंतू त्याच्या पत्नीला जडतात आणि तिला फुप्फुसदाह होतो. आता वैद्य तिला पेनिसिलिन देतो. पण ते चालत नाही आणि ती बिचारी मरण पावते. तिच्या मृत्यूचा दोष कोणाकडे? फ्लेमिंग यांनी तो निःसंकोचपणे औषधाचा निष्काळजी वापर करणाऱ्या त्या पतीच्या पदरी घातला.

जंतू औषधाला तोंड देण्यास शिकतात, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु जंतूंना बुद्धी नसते. मग हे घडते कसे?

अनेक जंतू अनुकूल स्थितीत वीस-वीस मिनिटांनी दुभंगतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ अशी ती वाढ होत जाते. या हिशेबाने दहा तासांत एका जंतूचे शंभर कोटींहून अधिक जंतू होतात. प्रत्येक वेळी जंतू आपल्या शरीररचनेच्या सूत्रांची नक्कल पुढच्या पिढीला देतो. एवढ्या असंख्य नकला करताना क्वचित कोठेतरी चूक राहतेच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण कोट्यवधींमध्ये एखादी चूक अशी असते, की तिच्यामुळे तो जंतू औषधापासून बचावतो. पेनिसिलिनचेच पाहा. ते जंतूला आपल्या शरीराभोवतीची भिंत बांधू देत नाही. भिंतीवाचून जंतू फुटून मरतो. परंतु काही जंतूंपाशी पेनिसिलिनच तोडून टाकणारी जणू एक कात्री असते. असे द्रव्य ऑक्सफर्डच्या संशोधकांना १९४० सालीच एका जंतूत आढळले होते. म्हणजे पेनिसिलिन लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच!

औषध नसते, तेव्हा असा जंतू लाखोंच्या गर्दीत एकटा आणि नगण्य असतो. औषध आले की बाकीचे मरतात आणि हा उरतो. सारे अन्न आणि सारी जागा आता त्याची एकट्याची! थोड्याच काळात त्याचा वंश सर्वत्र पसरतो. औषध ही एक चाळणी आहे. ती जंतूंना शिकवीत नाही, ती निवडते. त्यातही उपचार अर्ध्यावर सोडला, तर थोडेफार चिवट असलेले जंतूही वाचतात आणि त्यांतूनच पुढे अधिक चिवट वंश निपजतो. शिवाय जंतूंची आणखी एक करामत आहे. एक जंतू आपल्यापाशी असलेली ही बचावाची सूत्रे शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्या, जंतूलाही देऊ शकतो.

विदर्भातील शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. गुलाबी बोंडअळीला मारणारा गुण अंगी असलेले कापसाचे वाण आले, तेव्हा प्रथम अळ्या मेल्या. परंतु त्यातून निभावलेल्या अळ्यांचा वंश वाढत गेला आणि २०१७ साली त्याच कापसावर बोंडअळीने हाहाकार उडवला. शेतात जे डोळ्यांना दिसते, तेच रोग्याच्या शरीरात डोळ्यांआड घडते.

फ्लेमिंग यांचे भाकीत खरे ठरण्यास फार काळ लागला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या विदुषींनी रोग्यांमधील स्टॅफिलोकॉकस जंतू तपासले. १९४६ साली त्यांतील सुमारे सातवा हिस्सा पेनिसिलिनला दाद देत नव्हता. दोनच वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. ज्या जंतूंभोवती फ्लेमिंग यांना पहिले वलय दिसले होते, तेच हे जंतू! आपली सूचना खरी होताना पाहणे फ्लेमिंग यांच्या नशिबी आले. ते लोकांना शेवटपर्यंत बजावीत राहिले, की औषध द्यावयाचे तर पुरेसे द्यावे, आणि कारण नसता देऊच नये.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ब्रिटनच्या थोर पुरुषांच्या सान्निध्यात, सेंट पॉल मंदिरात, त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांचे साहाय्य त्यास लाभले होते. परदेशातून महागड्या किमतीने येणारे औषध महाराष्ट्राच्या भूमीवर तयार होऊन गोरगरिबांच्या आवाक्यात आले.

फ्लेमिंग यांच्यामागून इतर संशोधकांनी अनेक नवी प्रतिजैविके शोधली. परंतु प्रत्येक औषधामागे तोच इतिहास घडला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलिन हे औषध आले. १९६१ साली ब्रिटनमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २०१२ च्या आरंभी मुंबईतील डॉक्टरांनी क्षयाचे काही रोगी असे आढळल्याचे जाहीर केले, की त्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेले एकही औषध चालेना. एका मोठ्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगातील सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे मरण पावली.

ही लढाई केवळ प्रयोगशाळेत जिंकता येणार नाही. तिचे निम्मे रणांगण घराघरांत आहे. सर्दी-पडसे आणि फ्लू हे रोग विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके मुळीच चालत नाहीत. तरीही माणसे दुकानातून ती स्वतःच्या मनाने आणतात. ताप उतरला, की उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात आणि पुढे घरातील दुसऱ्या कोणाला दिल्या जातात. फ्लेमिंग यांनी कल्पिलेला तो गृहस्थ परदेशातच राहतो असे नाही. तो प्रत्येक गावात आणि प्रत्येक गल्लीत भेटतो. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही. ही खूण लोकांनी ओळखावी म्हणून भारत सरकारने २०१६ साली मोहीमही हाती घेतली. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले, तितके दिवस औषध घेणे, कारण नसता न घेणे आणि हात स्वच्छ धुऊन जंतूंचा फैलावच रोखणे, इतके तर लहान मुलालाही करता येते.

मिहानच्या रुग्णालयात असो वा एखाद्या तालुक्याच्या गावी, जंतूंच्या बशीवर ज्या वेळी औषधाचे स्वच्छ वलय उमटते, त्या वेळी एका रोग्याच्या घरचा दिवा तेवत राहण्याची आशा उत्पन्न होते. ते वलय प्रथम पाहणारा मनुष्य एका शेतकऱ्याचा मुलगा होता. सात वर्षांचा असताना तो पोरका झाला, चार वर्षे त्याने कारकुनी केली, आणि इतरांनी टाकून दिली असती अशी बशी त्याने निरखून पाहिली. त्याने जगाला औषध दिले आणि ते कसे राखावे हेही सांगितले. औषधाचा स्वीकार जगाने मोठ्या आनंदाने केला. सूचनेचा स्वीकार अद्याप पुरता व्हावयाचा आहे.